वाचकांचे प्रश्न : दोन आसनी मायक्रोलाइट विमान

गेल्या अंकात हलक्या विमानांविषयी लिहिलेल्या टिपणानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : दोन आसनी मायक्रोलाइट स्वतःचे घ्यावे का, आणि घेतले तर ते कसे उडवावे व सांभाळावे. सारखे प्रश्न एकत्र करून, पत्रलेखकांची नावे वगळून, त्यांची उत्तरे येथे देत आहे. परवाना, वैद्यकीय दाखला आणि नोंदणी यांचे नियम देशागणिक बदलतात, तेव्हा त्यांसाठी आपापल्या देशाच्या नागरी विमान वाहतूक खात्याकडेच चौकशी करावी.

प्रश्न : शिकायला सुरुवात करायची आहे. एका ठिकाणी त्रिकोणी कापडी पंखाखाली टांगलेले उघडे विमान आहे, तर दुसऱ्या ठिकाणी शेपूट असलेले, नेहमीच्या विमानासारखे बंदिस्त विमान आहे. दोन्हींना मायक्रोलाइटच म्हणतात. यांतले शिकायला सोपे कोणते?

उत्तर : पहिल्या प्रकाराला उडवणारे लोक ट्राइक किंवा फ्लेक्सविंग म्हणतात, दुसऱ्याला थ्री-अ‍ॅक्सिस. ट्राइकला शेपूट नसते आणि सुकाणूही नसते. इंजिन, चाके, आसने आणि त्यांत बसलेली माणसे हे सगळे ओझे पंखाच्या मध्यातून जाणाऱ्या एका बोल्टवर टांगलेले असते, आणि वैमानिक हातातील आडव्या दांडीने ते ओझे पंखाखाली पुढेमागे किंवा डावीउजवीकडे सरकवून विमान वळवतो. या पंखाचे मूळ फ्रान्सिस रोगॅलो या अमेरिकन अभियंत्याने पत्नीच्या मदतीने १९४८ साली केलेल्या लवचीक पतंगात आहे. पुढे अंतराळयान जमिनीवर उतरवण्यासाठी हा पंख वापरता येईल का, याचाही विचार झाला होता. ते काही घडले नाही, पण सत्तरच्या दशकात टेकडीवरून धावत बिनइंजिनाचे हँग ग्लायडर उडवणाऱ्यांनी त्याच पंखाला छोटे इंजिन जोडले आणि त्यातून आजचे ट्राइक तयार झाले.

सोपे कोणते, यापेक्षा एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी : या दोहोंत हातांच्या सवयी एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत. थ्री-अ‍ॅक्सिसमध्ये दांडा पुढे ढकलला की नाक खाली जाते आणि वेग वाढतो. ट्राइकमध्ये दांडी पुढे ढकलली की नाक वर जाते आणि वेग कमी होतो. थ्री-अ‍ॅक्सिसमध्ये दांडा उजवीकडे नेला की विमान उजवीकडे कलते, तर ट्राइकमध्ये दांडी उजवीकडे ढकलल्यावर तुमचे शरीर डावीकडे जाते, म्हणून विमानही डावीकडे वळते. जमिनीवर चालवतानासुद्धा ट्राइकच्या पुढच्या चाकाचा उजवा पावदान दाबला की ते डावीकडे वळते, जसे सायकलचे हँडल उजव्या हाताने पुढे ढकलल्यावर होते. शांत वेळी मेंदू हे सहज सांभाळतो, पण घाबरलेला माणूस विचार न करता पहिली शिकलेली सवय वापरतो. म्हणून माझे मत असे की जे विमान पुढे विकत घेणार आहात त्याच प्रकारावर शिकावे, आणि प्रकार बदलायचाच असेल तर शिक्षकाबरोबर पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नये.

बाकी निवड स्वभावाची आहे. ट्राइक साधारण ताशी ८० ते १३० किलोमीटर वेगाने जाते, वारा तोंडावर बसतो, आणि पंख घडी करून विमान लहानशा शेडमध्ये ठेवता येते. आधुनिक थ्री-अ‍ॅक्सिसचा वेग याहून बराच जास्त असतो आणि लांबच्या प्रवासात अंग गारठत नाही.

प्रश्न : विमान दोन आसनी म्हणून विकले जाते, पण मी आणि माझा भाऊ एकत्र गेलो तर टाकी भरता येणार नाही असे शिक्षक म्हणतात. हे त्यांचे अति सावधपण आहे की खरेच तसे आहे?

उत्तर : खरेच तसे आहे. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मायक्रोलाइटची व्याख्याच मुळी वजनावर उभी आहे. युरोपात दोन आसनी विमानासाठी उड्डाणाच्या वेळचे कमाल एकूण वजन बराच काळ ४५० किलो होते. २०१८ च्या युरोपीय नियमाने सदस्य देशांना ही मर्यादा ६०० किलोपर्यंत नेण्याची मुभा दिली आणि पुढे अनेकांनी ती वापरली. अमेरिकेत वाटणी निराळी आहे : तेथे १९८२ च्या नियमानुसार बिनपरवान्याचे अतिहलके विमान एकाच आसनाचे आणि रिकामे असता ११५ किलोच्या आतले असावे लागते. दोन आसने आली की ते त्या नियमातून बाहेर पडते. हे सांगण्याचे कारण असे की नियमातील मर्यादा वाढली म्हणून तुमच्या हँगरमधील जुन्या विमानाची मर्यादा आपोआप वाढत नाही. त्याच्या कागदावर ४५० लिहिले असेल तर ते ४५०च राहते.

आता हिशेब करू. समजा विमान रिकामे असता २६८ किलो भरते. ४५० मधून ते वजा केल्यावर हाती १८२ किलो उरतात. तुमचे वजन हेल्मेट, बूट आणि जाड कपड्यांसह ८८ किलो आणि भावाचे ७९ किलो धरले तर १६७ किलो होतात. उरले १५ किलो. पेट्रोलचे वजन लिटरमागे सुमारे ०.७२ किलो असते, म्हणजे २० लिटरच्या आसपास इंधन घेता येईल. इंजिन तासाला १२ लिटर पीत असेल आणि पाऊण तासाचा साठा न वापरण्यासाठी राखला, तर प्रत्यक्ष फिरायला जेमतेम ५५ मिनिटे मिळतात. तेच विमान ६५ लिटरची टाकी काठोकाठ भरून एकट्याने नेले तर इंधनाचे ४७ किलो धरूनही तुम्ही मर्यादेत असता. म्हणजे दोन आसने आणि भरलेली टाकी या दोन्ही गोष्टी विमानात असतात, पण दोन्ही एकाच वेळी वापरता येतीलच असे नाही.

"दहावीस किलोंनी काय बिघडते?" हा प्रश्न पत्रात नाही, पण मनात आहे हे ओळखतो, कारण कधीकाळी माझ्याही मनात होता. वजन दहा टक्क्यांनी वाढले तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलेनासा होतो तो वेग, पाच टक्क्यांनी वाढतो. हे क्षुल्लक वाटते. पण उड्डाणासाठी लागणारे अंतर सुमारे वीस टक्क्यांनी वाढते, ओले गवत असेल तर त्यात आणखी भर पडते, आणि धावपट्टीच्या टोकाला झाडे असतील तर तीच झाडे अचानक उंच वाटू लागतात. शिवाय पंखाची आणि सांगाड्याची ताकद ज्या वजनासाठी तपासलेली असते ते वजन ओलांडल्यावर हवेच्या प्रत्येक हिसक्याला तुमचा सुरक्षिततेचा राखीव वाटा कमी होत जातो, आणि तो किती कमी झाला हे आसनावर बसून कळत नाही.

आणखी एक गोष्ट. विमानाचे रिकामे वजन कागदावर आहे तेवढेच असते यावर विश्वास ठेवू नका. वर्षानुवर्षांत एखादा रेडिओ, जाडसर गादी, सामानाची पिशवी, नवा रंग असे करत पाचसहा किलो कुठून येतात ते कळत नाही. माझ्याच विमानात सहा किलो सापडले होते, आणि त्यांतला जवळपास एक किलो आसनामागच्या कप्प्यात साठलेल्या पान्यांचा आणि फडक्यांचा होता. विमान दर काही वर्षांनी काट्यावर चढवावे.

प्रश्न : टू-स्ट्रोक इंजिनाचे विमान बरेच स्वस्तात मिळत आहे. फोर-स्ट्रोकसाठी जास्त पैसे मोजणे योग्य ठरेल का?

उत्तर : या विमानांत सर्वाधिक दिसणारी इंजिने ऑस्ट्रियातील रोटॅक्सची आहेत. तुलनेसाठी तीच घेऊ. रोटॅक्स ५८२ हे टू-स्ट्रोक ६५ अश्वशक्तीचे आहे. ते हलके असते, झटकन ताकद देते, आणि ३०० तासांनंतर त्याचे संपूर्ण पुनर्बांधणीचे काम निघते. रोटॅक्स ९१२ हे फोर-स्ट्रोक ८० किंवा १०० अश्वशक्तीचे आहे आणि त्याच्या सध्याच्या आवृत्त्यांसाठी हीच मर्यादा २००० तास किंवा १५ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी आहे. इंधनही फोर-स्ट्रोक कमी पिते. त्यामुळे वर्षाला शंभर तास उडणाऱ्याला फोर-स्ट्रोकची जास्त किंमत काही वर्षांत वसूल होते. वर्षाला वीस-पंचवीस तास उडणाऱ्याचे गणित तितके सरळ नाही. त्याचे २००० तासांचे इंजिन १५ वर्षांत चारशे तासही चालणार नाही, ते तासांनी नव्हे तर कॅलेंडरने म्हातारे होणार. उभ्या इंजिनात ओल साचते आणि गंज धरतो. आठवड्यातून एकदा जमिनीवरच पाच मिनिटे सुरू करून बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही. तेल पुरेसे तापत नाही आणि आत पाणीच जमते.

टू-स्ट्रोक वाईट असते असे मी म्हणणार नाही. मात्र ते चालवणाऱ्याकडून शिस्त मागते. पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण चुकवायचे नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय ताकद लावायची नाही. उंचीवरून उतरताना थ्रॉटल बराच वेळ बंद ठेवून एकदम पूर्ण उघडायचा नाही, कारण मधल्या काळात गार झालेले पाणी तापलेल्या सिलिंडरभोवती शिरते, सिलिंडर आकसतो आणि पिस्टन अडकतो.

फोर-स्ट्रोक ९१२ चीही एक खोड आहे आणि नव्या मालकाला ती पाहून गंमत वाटते. याचे तेल इंजिनाच्या पोटात नसून वेगळ्या टाकीत असते, आणि इंजिन उभे असताना त्यातील काही तेल खाली उतरून बसते. म्हणून तेल मोजायची डिपस्टिक बघण्याआधी प्रज्वलनाचे दोन्ही स्विच बंद आहेत याची खात्री करून प्रोपेलर हाताने, इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, सावकाश फिरवावा लागतो. दहाबारा फेऱ्यांनंतर तेलाच्या टाकीतून पोट भरलेल्या बाळाने ढेकर द्यावी तसा आवाज येतो, आणि मगच तेलाची पातळी खरी दिसते. उलट दिशेने फिरवल्यास तेलाच्या मार्गात हवा शिरू शकते. आवाज येईपर्यंत थांबायला कंटाळा करणारे लोक डिपस्टिक कोरडी बघून वर तेल ओततात आणि पुढच्या उड्डाणात सगळे अंग तेलाने माखून घेतात. मी ते एकदा केले आहे. इंजिन सुरू झाल्यावर तेल ५० अंशांपर्यंत तापू द्यावे, नंतर ४००० फेऱ्यांवर एकेक करून दोन्ही प्रज्वलन मंडले बंद करून पाहावीत. फेऱ्या ३०० पेक्षा जास्त उतरल्या तर त्या दिवशी विमान हँगरमध्येच ठेवायचे.

प्रश्न : आमच्या येथील मायक्रोलाइटवाले फक्त भल्या सकाळी आणि संध्याकाळी उडतात. दुपारी आकाश निरभ्र असूनही नाही. का?

उत्तर : निरभ्र आकाश आणि शांत हवा या वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्य जमीन तापवतो, पण सगळी जमीन सारखी तापत नाही. नांगरलेले शेत, कौलारू छपरे, डांबरी रस्ता लवकर तापतात, तर तळे आणि झाडी गार राहतात. तापलेल्या जागेवरून हवा बुडबुड्यांसारखी वर उठते आणि शेजारी तितकीच खाली बसते. जड विमान या चढउतारांना फारसे जुमानत नाही. ४०० किलोचे विमान, ज्याचा पंख वजनाच्या मानाने मोठा आहे, त्या प्रत्येक बुडबुड्यावर उचलले आणि सोडले जाते. अनुभवी माणूस ते सहन करतो, पण नवशिक्याने दुपारी उतरण्याचा प्रयत्न केला तर जमिनीपासून तीन मीटरवर असताना वर फेकले जाण्याची शक्यता असते.

सकाळच्या शांततेतही एक फसवा भाग आहे. रात्रीनंतर जमिनीलगतची हवा स्थिर असली तरी दोनतीनशे मीटरवर जोराचा वारा असू शकतो, आणि उतरताना तो वारा एका थरात संपला की विमानाचा हवेतला वेगही एकदम घटतो. म्हणून वाऱ्याचे दिवस असले की उतरताना वेग थोडा जास्त ठेवावा.

प्रश्न : इंजिन हवेत बंद पडले तर? घरच्यांना काय सांगू?

उत्तर : घरच्यांना खरे सांगा : ते बंद पडू शकते, आणि प्रत्येक उड्डाणात ते बंद पडणारच असे धरून उडवायचे असते. इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे खाली येत नाही. साधारण ट्राइकचे घसरण्याचे प्रमाण एकास आठच्या आसपास असते, म्हणजे ३०० मीटर उंचीवरून शांत हवेत सव्वादोन ते अडीच किलोमीटर जाता येते. व्यवहारात त्यातील अर्धेच आपले समजावे, कारण वळायला, वाऱ्याला आणि गोंधळायला बाकीचे लागते.

मात्र मोठ्या विमानापेक्षा येथे एक मोठा फरक आहे. जड विमानाकडे वेगाची शिदोरी असते, मायक्रोलाइटकडे ती जवळजवळ नसते. चढताना नाक वर असता इंजिन थांबले तर वेग दोनतीन सेकंदांत ओसरतो. त्यामुळे पहिले काम रेडिओ नाही, किल्ली नाही, इंधनाचा कॉक नाही. पहिले काम नाक खाली करणे. ट्राइकमध्ये दांडी स्वतःकडे ओढायची, थ्री-अ‍ॅक्सिसमध्ये दांडा पुढे करायचा. दुसरे काम म्हणजे समोरच्या अर्धवर्तुळात जे काही बरे मैदान दिसेल त्यात उतरणे. मागे वळून धावपट्टीवर परतण्याचा मोह कमी उंचीवर घातक असतो. वळणात स्टॉलचा वेग वाढतो : सरळ उडताना तो ताशी ६५ किलोमीटर असेल तर ४५ अंश कलून वळताना सुमारे ७७ होतो आणि ६० अंशांत ९२. घाईत तीव्र वळण घेणारा माणूस वेग नेमका त्याच वेळी गमावत असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी उड्डाणानंतर सुमारे अडीचशे मीटरवर असताना माझ्या इंजिनाच्या फेऱ्या हळूहळू कमी झाल्या, एकदा पूर्ववत झाल्या आणि मग गेल्याच. उजवीकडे पिकाची कापणी झालेले शेत होते आणि मी त्याच्या खुंटांमध्ये उतरलो. एक चाक वाकले. नंतर इंधनाचा फिल्टर उघडला तेव्हा आत काळा कीस भरला होता. इंधनाच्या रबरी नळीचे आतले अस्तर सुटून तेथे जमले होते. त्या नळ्या दर पाच वर्षांनी बदलायच्या असतात, हे मला माहीत होते. माझ्या नळ्यांना पाच वर्षे अकरा महिने झाले होते, आणि त्या अकरा महिन्यांत मी दर आठवड्याला त्या बाहेरून बघून "चांगल्या आहेत" असे म्हणत होतो. बाहेरून त्या खरोखरच चांगल्या होत्या. अल्कोहोल मिसळलेले पेट्रोल वापरणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण असे पेट्रोल रबर लवकर कुजवते आणि पाणीही ओढून घेते.

कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, बर्फ जमल्यानेही इंजिन मरते, आणि बऱ्याच जणांना वाटते तसे त्यासाठी हिवाळा लागत नाही. पेट्रोलाचे बाष्पीभवन होताना कार्ब्युरेटरच्या गळ्यातील तापमान वीसएक अंशांनी उतरते, म्हणून हवा १५ अंशांची पण ओलसर असताना हा धोका सर्वांत जास्त असतो. ढगाळ, दमट सकाळी फेऱ्या विनाकारण घसरू लागल्या तर पहिला संशय त्यावर घ्यावा.

प्रश्न : जुने विमान घेताना काय पाहावे? तास कमी असले म्हणजे पुरेसे नाही का?

उत्तर : नाही. कमी तासांचे पण वर्षानुवर्षे उघड्यावर पडलेले विमान मी घेणार नाही. पंखाचे पॉलिएस्टर कापड उन्हातील अतिनील किरणांनी मरते, आणि कापडाच्या आधी त्याच्या शिवणीचा दोरा मरतो. कापड डोळ्यांनी तपासता येत नाही. त्यासाठी सुईला ठरावीक ताण देऊन पाहण्याचे बेट्सोमीटर नावाचे छोटे यंत्र असते. विक्रेता ती चाचणी करू देत नसेल तर तेथून निघावे. पंखाचा वरचा भाग, जेथे ऊन थेट पडते, तेथे चाचणी घ्यावी. सावलीतल्या खालच्या भागावर घेतलेली चाचणी मला कोणी दाखवली तर मी ती वाचतही नाही.

नंतर सांगाडा बघा. नळ्यांवर बोटे फिरवली तर डोळ्यांना न दिसणारी मोड हाताला लागते. पंख टांगलेला तो मुख्य बोल्ट किती काळापूर्वी बदलला, जोरात उतरल्याच्या खुणा चाकांच्या पायांत आहेत का, लॉगबुकात प्रत्येक सक्तीच्या दुरुस्तीची नोंद आणि सही आहे का, हे पाहावे. लॉगबुकात एकाच शाईने, एकाच हाताने, एकाच दिवशी लिहिलेली दहा वर्षे दिसली तर हसून नमस्कार करावा. आणि निरीक्षक स्वतःच्या पैशाने आणावा, विक्रेत्याचा नव्हे.

प्रश्न : संपूर्ण विमान खाली आणणारे पॅराशूट बसवून घ्यावे का?

उत्तर : जमल्यास बसवावे. पंख मोडला किंवा हवेत दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली तर त्याशिवाय उपाय नाही. विशेषतः ट्राइक जर तीव्र चढणीत थांबून नाकावर उलटले तर त्यातून हातांनी सावरण्याची आशा धरू नये. पण पॅराशूटचे वजन दहा-पंधरा किलो असते आणि ते वरच्या हिशेबातूनच जाते. काही देशांनी त्यासाठी थोडे जास्त वजन मान्य केले आहे. ब्रिटनमध्ये ४५० ऐवजी ४७२.५ किलोची मर्यादा त्यामुळेच होती. पॅराशूट ओढण्याआधी इंजिन बंद करायचे, आणि ते न ओढता उतरल्यावर सुरक्षा पिन परत लावल्याशिवाय कोणालाही विमानाजवळ येऊ द्यायचे नाही, कारण आत भरलेले रॉकेट असते.

प्रश्न : एकट्याला परवडत नाही. चौघांनी मिळून घ्यावे का?

उत्तर : घ्यावे, मी स्वतः आजवर तसेच उडवले आहे. पण मैत्रीवर विसंबून घेऊ नये. आमच्या चौघांपैकी एकाने एकदा विमान जोरात टेकवले आणि कोणालाच सांगितले नाही. दुसऱ्या सकाळी मी तपासणी करत असता मागच्या चाकाच्या पायावर नखाएवढी सुरकुती दिसली. मी ती पाहिली नसती तर त्याच पायावर मी आणि माझा प्रवासी उतरलो असतो. तो माणूस वाईट नव्हता. दुरुस्तीचा खर्च आपल्यावर पडेल या भीतीने तो गप्प बसला. तेव्हापासून आमच्या लेखी करारात असे आहे की स्वतःहून सांगितलेल्या नुकसानीचा खर्च सगळ्यांचा, लपवलेल्याचा एकट्याचा. आसनाला एक वही बांधलेली असते. तिच्यात कोणी दोष लिहिला की निरीक्षकाची सही होईपर्यंत विमान उडत नाही, मग लिहिणाऱ्याचे चुकले असे बाकी तिघांना वाटले तरी. तासाचे भाडे ठरवताना पेट्रोलाबरोबर इंजिनाच्या पुढच्या खर्चाचाही हिस्सा धरावा, नाहीतर ९१२ ची मर्यादा भरते तेव्हा चौघांतले दोघे नेमके अडचणीत असतात.

प्रश्न : एवढ्याशा विमानाने किती दूर जाता येते?

उत्तर : १९९८ साली ब्रायन मिल्टन या ब्रिटिश वैमानिकाने अशाच ट्राइकने १२० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा यंत्राची मर्यादा सांगत नाही. तुमचे अंतर हवामान आणि मूत्राशय ठरवतात.

प्रश्न : परवाना मिळून दोन महिने झाले. प्रथमच आईला घेऊन उडणार आहे. ट्राइक आहे. काय लक्षात ठेवू?

उत्तर : आधी वजनाचा हिशेब कागदावर करा, आणि आईला वजन विचारू नका, काट्यावर उभे करा. मागच्या आसनावर माणूस आल्यावर विमान जमिनीवर अधिक धावेल, चढणे मंदावेल आणि दांडीची नेहमीची जागा बदललेली वाटेल. हे आईबरोबर पहिल्यांदा अनुभवू नका. त्याआधी शिक्षकाला मागे बसवून तीनचार उड्डाणे करा. पहिली फेरी वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि ती सूर्योदयानंतरच्या तासाभरात असावी. कल सौम्य ठेवा. तुम्हाला मजेदार वाटणारे वळण मागे बसलेल्या माणसाला पोटात जाणवते. हेडसेटमधून बोलत राहा, आणि इंजिनाचा आवाज बदलण्याआधी तो बदलणार आहे हे सांगा, कारण उतरण्यासाठी थ्रॉटल ओढला की मागे बसलेल्याला इंजिन बंद पडले असेच वाटते.

आणि तिच्या अंगावर सुटे काही ठेवू नका. ट्राइकचा प्रोपेलर मागच्या आसनाच्या पाठीशी, हाताभर अंतरावर, मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेऱ्या घेत असतो. ओढणी, टोपी, चष्मा, फोन, कॅमेरा यांतील हातातून सुटलेली कोणतीही वस्तू सरळ त्यातच जाते. माझ्या ओळखीच्या एकाच्या प्रवाशाने फोटो काढण्यासाठी हातमोजा काढून मांडीखाली ठेवला होता. मोजा लोकरीचा होता, तरी प्रोपेलरच्या पात्याच्या कडेचा बोटभर तुकडा उडाला, इंजिन थडथडू लागले आणि त्यांना लगेच इंजिन बंद करून उतरावे लागले. आईच्या हातमोज्यांना लहान मुलांच्या मोज्यांना असते तशी दोरी लावा आणि ती बाह्यांतून ओवून घ्या. कॅमेरा न्यायचाच असेल तर त्याची दोरी तिच्या मनगटाला नाही, सांगाड्याला बांधा, आणि बसण्याआधी तिचे सगळे खिसे तुम्ही स्वतः रिकामे करून घ्या.